डिराइव्ह मॅक्रो
रस्ट या संगणकीय भाषेत, प्रकाराच्या व्याख्येवरून त्याला लागणारी ठराविक आज्ञावली आपोआप निर्माण करवून घेण्याची सोय. एनम या प्रकाराच्या बाबतीत ती विशेष उपयुक्त ठरते. निश्चित पर्यायांपैकी एका वेळी एकच धारण करणाऱ्या प्रकारास एनम म्हणतात, उदा., वाहतूक-दिव्याचे लाल, पिवळा व हिरवा हे तीन पर्याय. पर्यायाचे नाव मजकूररूपात छापणे, मजकुरावरून पर्याय ओळखणे आणि सर्व पर्याय क्रमाने मिळविणे यांसाठी तीच नावे पुनःपुन्हा लिहावी लागतात.

नवा पर्याय वाढविल्यास छपाईच्या मॅच रचनेत राहिलेली उणीव, तेथे ‘इतर सर्व’ ही शाखा नसल्यास, कंपायलर दाखवून देतो. मजकुरावरून पर्याय ओळखताना मात्र ही शाखा ठेवावीच लागते. त्यामुळे तेथील उणीव कंपायलरच्या लक्षात येत नाही आणि नव्या पर्यायाचे योग्य नावही अवैध ठरते. पर्यायांची यादी केवळ व्याख्येतच राहिल्यास हा धोका टळतो.

व्याख्येच्या वर डिराइव्ह या निर्देशात हव्या त्या ट्रेटचे नाव लिहिले असता मॅक्रो ती व्याख्या वाचून नवी आज्ञावली तिला जोडतो. मूळ व्याख्या तो बदलू शकत नाही. डीबग, क्लोन इत्यादींची सोय भाषेसोबतच मिळते. स्वतःचे डिराइव्ह मॅक्रो रचण्याची सोय १·१५ या आवृत्तीत (२०१७) स्थिर झाली. स्ट्रम या आज्ञावली-संग्रहातील मॅक्रो वरील तिन्ही कामे करतात. अशा मॅक्रोंमुळे संकलनाचा वेळ मात्र वाढतो.