लेखांक सातवा : सिद्धेश्वर – सोने नसलेले खोरे

सोन्यासाठी गाजलेल्या नदीखोऱ्यांचा विचार करणाऱ्या या लेखमालेत हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वरचा समावेश अनपेक्षित वाटण्याजोगा आहे. परंतु एखाद्या खोऱ्यात सोने का सापडते हे नीट समजायचे, तर ते जेथे सापडणे शक्यच नाही असे एखादे खोरेही पायी पाहावे लागते. औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर येथे पूर्णा नदीवर १९६८ साली पूर्ण झालेले धरण आहे. ही पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीला मिळते. तापीला मिळणारी विदर्भातील पूर्णा वेगळी, आणि या दोहोंची गल्लत अभ्यासकांकडूनही होत असते.

नदीत सापडणारे सोने नदी निर्माण करीत नाही. खडकातील गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरा झिजल्या की त्यांतील सोन्याचे कण सुटून प्रवाहाबरोबर वाहत येतात, आणि सोने पाण्याच्या एकोणीस पट तर गार जेमतेम पावणेतीन पट जड असल्यामुळे, प्रवाह मंदावतो तेथे हे कण खाली बसून हलकी वाळू पुढे निघून जाते. वैनगंगेच्या खोऱ्यातील सोनझारी लोक लाकडी परातीत वाळू घोळवून सोन्याचे कण वेगळे करीत, ते याच नियमाच्या बळावर. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड जमातीअंतर्गत ‘सोनझारी झरेका’ हे नाव आजही आढळते. भंडारा-नागपूरकडील साकोली पट्ट्यात सोन्याचा अंश असलेले प्राचीन खडक उघडे पडलेले असल्यामुळेच तेथे हे शक्य झाले. १८५१ नंतर ऑस्ट्रेलियातील ज्या नदीखोऱ्यांत माणसांची रीघ लागली, तेथेही सोने पात्रात आले ते वरच्या डोंगरांतील गारेच्या शिरांमधूनच.

पूर्णेचे पाणलोट क्षेत्र मात्र काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून हा खडक बनला आणि अडीचशे कोटी वर्षांहून जुने खडक त्याखाली झाकले गेले. लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या खोल छिद्रात तो जुना खडक लागला तो साधारण ३३८ मीटर खोलीवर. दक्षिणेकडे रायचूर जिल्ह्यात हे आवरण नाही, म्हणून तेथे हट्टीची सोन्याची खाण आजही चालू आहे. हिंगोलीचा प्रदेश आणि हट्टी ही दोन्ही एकेकाळी निजामाच्या एकाच राज्यात होती, पण भूगर्भाने त्यांच्यात केलेली वाटणी राज्यांच्या सीमांहून कितीतरी जुनी आहे.

तरीही हे खोरे निर्धन म्हणता येत नाही. लाव्हा थिजताना त्यातील वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातून सिलिका साचून अकीक व इतर रंगीत गारगोट्या तयार झाल्या. भोवतीचा खडक झिजला तरी त्या झिजत नाहीत, म्हणूनच काळ्या पाषाणाच्या प्रदेशातील नदीपात्रांत त्या सुट्या सापडतात. पूर्णेला मिळणाऱ्या केळणा नदीकाठच्या भोकरदनला, म्हणजे प्राचीन भोगवर्धनला, झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन मणी मोठ्या प्रमाणावर मिळाले. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक व्यापारी मार्गदर्शक पैठणहून असे दगड भडोचच्या बंदराकडे गाड्यांनी जात असल्याचे नोंदवितो, आणि त्याच बंदरात उतरणाऱ्या मालात सोन्याची व रुप्याची नाणी असल्याचेही सांगतो. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या, तर ज्या प्रदेशाच्या भूमीत सोने नव्हते त्या प्रदेशाकडे दगडांच्या मोबदल्यात ते येत असावे, हा तर्क फारसा धाडसी ठरत नाही.

आज मराठवाड्यातील नदीपात्रांतून सर्वाधिक खणली जाते ती वाळू. धरणाच्या जलाशयात पाणी संथ होताच जड गाळ तेथेच बसतो, आणि त्यामुळे धरणाखालच्या पात्रातून उपसलेल्या वाळूची भरपाई करण्यास वरून येणारी वाळू अपुरी पडते. जेथे हा उपसा फार झाला आहे तेथे एरवी वाळूखाली दडलेला काळा पाषाण उघडा पडतो आणि काठच्या विहिरींची पाणीपातळीही खाली जाते.