टेक्स्ट एडिटरचा पूरक प्रोग्रॅम दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर कसा चालवावा?

विंडोजवर उत्तम चालणारा टेक्स्ट एडिटरचा पूरक प्रोग्रॅम लिनक्सवर नेला की अनेकदा बंद पडतो. त्यात जमवलेली शब्दसूचीही मग निरुपयोगी ठरते. मात्र याची कारणे मोजकीच असून त्यांवर उपाय आहेत.

भाषाविषयक कामात या प्रश्नाचे महत्त्व किती, हे म्हैसूर येथील भारतीय भाषा संस्थानाच्या उदाहरणावरून लक्षात येते. १७ जुलै १९६९ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेकडे मराठीसह अनेक भाषांचे शब्दसंग्रह आले, ते मूळ इस्की संकेतप्रणालीत होते. इस्कीमध्ये देवनागरी आणि कन्नड लिपीच्या समान अक्षरांना एकच संकेतांक असतो. लिपी कोणती, हे प्रोग्रॅमला वेगळे सांगावे लागते. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीला स्वतंत्र संकेतांक आहेत. ब्रिटनमधील लँकेस्टर विद्यापीठ आणि म्हैसूरची संस्था यांनी सिद्ध केलेला १४ भाषांचा संग्रह म्हणूनच युनिकोडमध्ये आहे आणि तो कोणत्याही प्रणालीवर वाचता येतो.

प्रोग्रॅमचा प्रकार ओळखा

व्हिम किंवा ईमॅक्स यांच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेला पूरक प्रोग्रॅम सहसा जसाच्या तसा चालतो. केवळ फोल्डर बदलावे लागते. व्हिमसाठी विंडोजवर ‘व्हिमफाइल्स’, तर लिनक्सवर नावाआधी टिंब असलेले ‘व्हिम’ हे फोल्डर असते. याउलट नोटपॅड प्लस प्लसचे पूरक प्रोग्रॅम डीएलएल स्वरूपात, केवळ विंडोजसाठी तयार केलेले असतात. लिनक्सवर ते वाइन या प्रोग्रॅमच्या मदतीने मूळ एडिटरसह चालवावे लागतात. अन्य एडिटरसाठी असा प्रोग्रॅम नव्याने लिहिण्यावाचून गत्यंतर नसते.

लहान वाटणारे अडथळे

लिनक्स फाइलच्या नावातील इंग्रजी लहान व मोठी अक्षरे भिन्न मानते, विंडोज सामान्यतः मानत नाही. फाइलचा मार्ग लिहिताना विंडोजवर उलटी तिरकी रेघ, तर लिनक्सवर सुलटी रेघ वापरतात. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे असतात, लिनक्सवर एकच. त्या जादा चिन्हामुळे व्हिमचा प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला चूक दाखवू शकतो. एडिटरमध्ये ‘युनिक्स’ पद्धत निवडून फाइल पुन्हा साठवली की हा दोष जातो.

मराठीची खास अडचण

‘वाऱ्यावर’ या शब्दातील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न शब्द होत. प्रणाली बदलताना कळफलकाचा प्रोग्रॅमही बदलला, तर शुद्धलेखन तपासणी अचूक शब्दालाही चुकीचा ठरवू शकते. त्यामुळे शब्दसूचीत असे सर्व शब्द एकाच पद्धतीने करून घ्यावेत.

शब्दसूची यूटीएफ-८ संकेतप्रणालीतील साध्या फाइलमध्ये जपून ठेवणे श्रेयस्कर. प्रोग्रॅम पुन्हा लिहिता येतो. अनेक वर्षे वेचलेले शब्द पुन्हा गोळा करणे कठीण असते.