रूळ तुळिंजला, गिरण्या परळला

12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली लोकल सुटली. दिवसाला एकच गाडी, आणि तिची वाट विरारजवळच्या तुळिंज गावाच्या शिवाराजवळून जाणारी. आता नकाशा उघडून बघा, चक्रावून जायला होतं. तुळिंजच्या उशाला रूळ होते, तरी गिरण्यांची रांग इथे कधी उभी राहिली नाही. रत्नागिरीत रूळच नव्हते, आणि मुंबईच्या गिरण्यांना सगळ्यात जास्त माणसं पुरवली ती रत्नागिरीने!

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी काढली. मुंबईत बंदर होतं, कापसाचे व्यापारी होते, चीनच्या व्यापारातला पैसा होता. पहिल्या गिरणीमागून सुटे भाग विकणारे आले, फिटर आले, दलाल आले. मग पुढच्या गिरणीने दुसरीकडे कशाला जावं? शतक संपेपर्यंत शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या झाल्या. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू करून कापूस पिकतो तिथेच सूत काढून दाखवलं, तरी वऱ्हाडचा बहुतेक कापूस गाठी बांधून बाहेरच जात राहिला. विदर्भाची याहून मोठी संधी हुकली नसेल.

आणि लोकल असूनही कामगार तुळिंजला का राहिला नाही? बदली कामगाराला पहाटे फाटकावर हजर राहावं लागे. कामगार निवडणाऱ्या जॉबरने बोट दाखवलं तर काम, नाहीतर परत. म्हणून परळ-लालबागच्या एकेका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस गडी राहत. भिंतीकडेला ट्रंका, खुंट्यांवर सदरे; दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाल्याची वळकटी पसरायची. जेवण खानावळवाल्या बाईंकडे, महिन्याच्या हिशोबाने. उरलेला पैसा मनीऑर्डरने गावी. त्या पैशावर कोकणातल्या चुली पेटल्या, सारा भरला गेला, पोरं शिकली. एखादा कारखाना उभा राहील इतका पैसा मात्र कुणाच्या हाती साठला नाही.

स्वतंत्र देशाच्या वाट्याला हाच नकाशा आला. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1962 मध्ये एमआयडीसी, 1964 पासून मुंबईबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती. उद्योग हलले, पण बरेचसे ठाणे-पुण्यापर्यंतच. वीज, रस्ते आणि गिऱ्हाईक तिथे आधीच होतं. 1984 मध्ये वि. म. दांडेकर समितीने जिल्ह्याजिल्ह्यांचा अनुशेष मोजला, तेव्हा जिल्ह्यांमधली ही दरी सरकारी कागदावर आकड्यांनिशी उतरली.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यानंतर परळची खोली विकून कितीतरी कोकणी कुटुंबं स्वस्त घराच्या शोधात पश्चिम रेल्वेच्या वाटेने वर सरकली. तुळिंजच्या आसपासची भातखाचरं चाळींखाली गेली, आणि ज्या लोकलचा त्यांच्या आज्यांना उपयोग नव्हता, त्याच लोकलने नातवंडं कामाला जाऊ लागली.

आणि रत्नागिरीतून जाणाऱ्या कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग 26 जानेवारी 1998 ला सुरू झाला. विरारच्या पहिल्या लोकलनंतर एकशे तीस वर्षांनी.