अरुंद नळी, ओली चिंधी

पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी अठराव्या शतकात लांब नळीची ठासणीची रायफल घडवली. पुढे अमेरिकेत खारीच्या शिकारीसाठी तिचे .32 आणि .36 कॅलिबरचे, म्हणजे साधारण 8 ते 9 मिलिमीटर व्यासाचे प्रकार रूढ झाले. आजही हौशी नेमबाज ते वापरतात. मात्र या नळ्यांच्या सफाईबद्दल काही चुकीच्या समजुती घट्ट रुजल्या आहेत.

पाण्याने नळी गंजते, म्हणून नुसतं तेलच लावावं, ही त्यातली पहिली. या रायफलींत भरल्या जाणाऱ्या काळ्या दारूत सुमारे 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असतं. जळल्यावर तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घनरूप होतो. त्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि पोटॅशियम सल्फेट हे मुख्य क्षार. नळीत उरलेले क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि पोलाद गंजवतात. ते खनिज तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. त्यामुळे आधी पाणी, मग पूर्ण कोरडं करणं आणि शेवटी तेल, हाच क्रम योग्य. कोकणात शेतीरक्षणासाठी परवान्यावर बाळगलेल्या ठासणीच्या बंदुकांनाही हे रसायन तितकंच लागू पडतं.

पाणी उकळतंच हवं असंही नाही. कोमट पुरतं, कढत पाण्याने तापलेल्या पोलादावर वाळता वाळता गंजाचा पातळ थर चढू शकतो.

खरी गफलत होते ती दोन बारांच्या मध्ये नळी पुसताना. चिंधी जितकी ओली तितकी सफाई चांगली, असं वाटतं. अरुंद नळीत मात्र थोडी काजळीही गोळी अडवायला पुरते, आणि निथळती चिंधी ती काजळी चिखलासारखी तळाशी ढकलते. मग ठिणगी जाण्याचा मार्ग तुंबतो, पुढची दारू दमट होते आणि बार उडत नाही. बोटांनी दाबल्यावर पाणी सुटणार नाही, इतकीच चिंधी ओलसर असावी. चिंधी ढकलणाऱ्या गजाचं टोकही नळीहून किंचित बारीक हवं. तसं असलं की चिंधी उतरताना काजळीवरून सरकते आणि वर येताना चुरगळून तिला पकडते. घट्ट टोक दट्ट्याचं काम करतं. काही रायफलींत दारूची खोली नळीहूनही अरुंद असते. तिथे नेहमीची चिंधी पोचतच नाही, छोटा ब्रश लागतो.

बिडाच्या तव्यासारखी नळीही तेल पिऊन ‘मुरते’, हा समज निराधार आहे. पायरोडेक्ससारखी पर्यायी दारूही निर्धोक नाही. तिच्यातल्या परक्लोरेटपासून क्लोराइड उरतं आणि ते पोलादाला आणखी खातं.

सफाईआधी गज आत सोडून नळी रिकामी असल्याची खात्री करावी. लाकडी गज बारीक असल्याने चटकन मोडतो. तो नळीच्या तोंडाजवळ धरून थोडा थोडा सरकवावा. दुसऱ्या दिवशी कोरडी चिंधी फिरवून पाहावी. ती तांबूस निघाली, तर पाण्यापासून पुन्हा सुरुवात करावी.