पवईची प्रयोगशाळा, खारघरचं रुग्णालय, हैदराबादचा पैसा

रुग्णाचं रक्त एका यंत्रातून फिरवलं जातं. यंत्र त्यातल्या पांढऱ्या पेशी बाजूला काढतं आणि बाकीचं रक्त शरीरात परत सोडतं. या पांढऱ्या पेशींमधल्या टी-पेशींत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने एक नवं जनुक घालतात. मग कर्करोगग्रस्त बी-पेशींवरचं ‘सीडी-१९’ हे प्रथिन त्यांना ओळखू येतं. अशा पेशी वाढवून, तपासून त्याच रुग्णाला पुन्हा शिरेतून देतात. ही कार-टी उपचारपद्धती. अमेरिकेत तिला २०१७ मध्ये मान्यता मिळाली, पण तिथला खर्च तीन-चार कोटींच्या घरात.

यातली खरी अडचण अशी, की एकाची मात्रा दुसऱ्याला चालत नाही. हजार डोस बनवून गोदामात ठेवण्याची सोयच नाही. त्यामुळे शास्त्रज्ञ कितीही हुशार असला तरी रुग्णालय, निर्जंतुक उत्पादनकक्ष आणि वर्षानुवर्षं थांबायची तयारी असलेला पैसा, यांच्याशिवाय त्याचं पान हलत नाही.

आयआयटी मुंबईचे प्रा. राहुल पुरवार यांनी हे सगळं जुळवून आणलं. हार्वर्डहून परतून ते २०१३ मध्ये पवईला रुजू झाले. टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाचे डॉ. गौरव नरुला आणि डॉ. हसमुख जैन सोबत आले. आयआयटीच्याच ‘साइन’ या नवउद्योग केंद्रात ‘इम्युनोॲक्ट’ कंपनी उभी राहिली. जोखीम सर्वांत जास्त होती तेव्हा सरकारी निधी मिळाला. २०२१ मध्ये टाटा मेमोरियलच्याच खारघरमधल्या ‘ॲक्ट्रेक’ केंद्रात पहिल्या रुग्णाला ही थेरपी दिली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस हैदराबादच्या लॉरस लॅब्सने सुमारे ४६ कोटी रुपयांत कंपनीतला चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक वाटा घेतला.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. मान्यता यायला तेव्हा जवळपास दोन वर्षं बाकी होती आणि चाचण्या अजून संपायच्या होत्या. तरीही औषधनिर्मितीच्या धंद्यात मुरलेली कंपनी पुढे आली. कारखान्याची तपासणी कशी होते, परवान्याच्या फायली किती रखडतात, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. मोबाइल ॲपमध्ये पैसे घालणारा गुंतवणूकदार पुढच्या तिमाहीचे आकडे मागतो. इथे एकेका रुग्णाकडे महिनोन्‌महिने लक्ष ठेवावं लागतं. नव्या पेशींमुळे प्रतिकारशक्ती भडकून ताप चढणं, रक्तदाब कोसळणं, हेही सांभाळावं लागतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इम्युनोॲक्टच्या या थेरपीला ‘नेक्सकार-१९’ या नावाने भारतात मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत तिचं लोकार्पण केलं. किंमत तीस-चाळीस लाखांच्या आसपास, म्हणजे अमेरिकेच्या साधारण एक दशांश. तरी सामान्य घराला ती परवडणारी नाहीच.

ही किंमत आणखी खाली यायची तर अशा आणखी कंपन्या हव्यात. सरकारच्या ‘बायरॅक’ संस्थेकडून नव्या कल्पनेला ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. कल्पना पडताळून पाहायला ते पुरतं, उत्पादनकक्ष बांधायला नाही. अनेक चांगली संशोधनं नेमकी इथेच अडतात. शास्त्रज्ञांनीही पेटंट कोणाच्या नावावर, पहिल्या रुग्णांचे निष्कर्ष काय, एका मात्रेला खर्च किती, याची उत्तरं तयार ठेवायला हवीत. आणि पुण्या-मुंबईच्या उद्योजकांना एवढंच सांगणं आहे: मान्यतेचा शिक्का बसेपर्यंत थांबू नका. पैशाची गरज त्याच्या आधी असते.