ब्लॉक कंपनीचा आहे, पण इंजिन?

"ब्लॉक कंपनीचाच ठेवलाय, काळजी करू नका." भालकी, औराद, बसवकल्याण नाहीतर आळंद, ट्रॅक्टरचं इंजिन काम काढलं की हे वाक्य कुठल्या ना कुठल्या मिस्त्रीच्या तोंडून येतंच, आणि गिऱ्हाईक निश्चिंत होतं. मग मूळ ब्लॉकवर दुसऱ्या मॉडेलचं हेड चढतं, क्रँक भंगार बाजारातून येतो, लायनर-पिस्टन तिसऱ्याच कंपनीचे असतात, आणि असं मिश्र इंजिन उसाच्या दोन ट्रॉल्यांना जुंपलं जातं. काही वर्षानुवर्षं चालतात, काही एका हंगामात बसतात. या फरकाचा ब्लॉक कंपनीचा असण्याशी फार थोडा संबंध असतो.

इंजिनात सर्वांत कमी बिघडणारा भाग म्हणजे ब्लॉक. ओतीव लोखंडाचं ते धूड सहसा दगा देत नाही. दगा देतात ते सांधे: हेड आणि ब्लॉक यांच्यातली गॅस्केट, लायनरखालचे रबर रिंग, क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली ऑइलपुरती फट. मिश्र इंजिनात नेमक्या याच जागी दोन वेगळ्या कारखान्यांचे भाग एकमेकांना भेटतात.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे: पंधरा-वीस वर्षांचा ब्लॉक म्हणजे मेलेलं लोखंड. तसं नसतं. ओतकाम थंड होताना आत राहिलेला ताण तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत थोडाफार सैलच होतो. जुना ब्लॉक बाद करावा तो तडा गेला असेल, मेन बेअरिंगची रांग वाकली असेल किंवा लायनर बसायची कड गंजून खाल्ली असेल तर. पाण्याच्या वाटा बंद करून दाबाची चाचणी घेतली, हेडच्या बाजूच्या पृष्ठावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज फिरवला, की बरंच काही कळतं. वय विचारून काही कळत नाही.

मिश्र इंजिन म्हणजे निव्वळ जुगाड, हेही खरं नाही. महिंद्राने 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने ट्रॅक्टरचा धंदा सुरू केला. त्या घराण्याच्या बी-275 ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन पुढे कंपनीनेच जीपमध्ये बसवलं, एमडी 2350 या नावाने. ट्रॅक्टरचं काळीज जीपला लावणारा पहिला मिस्त्री रस्त्याकडेच्या गॅरेजात नव्हता, कारखान्यात होता. त्याच्या हाती नकाशे आणि मापं होती, एवढाच काय तो फरक. आणि सगळी गोम त्यातच आहे.

मापांवरून आठवलं. "बोअर एकच आहे, म्हणजे सगळं बसतं," हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. बोलेरोच्या 2523 सीसी डिझेल इंजिनचा बोअर 88.9 मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. महिंद्रा 475 डीआय ट्रॅक्टरचाही तेवढाच. पण बोलेरोच्या पिस्टनची धाव 101.6 मिलिमीटर आणि ट्रॅक्टरची 110. लांब धावेचा क्रँक आखूड धावेच्या इंजिनात घालायचं कुणी मनात आणलं, तर बाकी सगळं तेच ठेवून पिस्टन 4.2 मिलिमीटर जास्त वर येणार. डिझेल इंजिनात वरच्या टोकाला पिस्टन आणि हेड यांच्यात साधारण एखादा मिलिमीटर जागा असते. उरलेल्या तीन मिलिमीटरचं काय होतं, ते पहिल्याच फेऱ्यात ऐकू येतं. म्हणून पिस्टन घेताना बोअरबरोबर पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची विचारली पाहिजे. काउंटरवर हे विचारणारी माणसं फार थोडी.

क्रँकचंही तसंच. लेथवर घासून तो "दहा" किंवा "वीस" केला, म्हणजे इंचाच्या एक हजारांश भागांत दहा-वीसने कमी केला, आणि त्याच साइजचे बेअरिंग घातले, तर त्यात वाईट काही नाही. पण घासताना जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई उडवून तिथे काटकोन केला, तर तडा नेमका तिथूनच सुरू होतो. उद्या क्रँक मोडला की खापर फुटतं ते "डुप्लिकेट माला"वर.

आता आपल्या मुलखाची खास गोष्ट: पाणी. शहाबादी फरशी ज्या चुनखडकातून निघते, त्याच खडकावर कलबुर्गी जिल्ह्याचे सिमेंट कारखाने उभे आहेत. त्या खडकातून झिरपलेलं बोअरवेलचं पाणी क्षारांनी जड असतं, आणि तेच रेडिएटरमध्ये ओतलं जातं. जुना ब्लॉक भरायला घेतला की बाजूचा वॉटर प्लग काढून आत स्क्रू-ड्रायव्हर घालून पाहा. पांढुरका कडक थर आणि त्यावर गंजाचा तपकिरी गाळ, तोही पाण्याच्या पंपापासून सर्वांत लांबच्या, मागच्या सिलिंडरभोवती जास्त. क्षाराचा एक मिलिमीटर थर उष्णता अडवण्यात इंचभर लोखंडाच्या तोडीचा ठरतो. असा ब्लॉक नुसता धुऊन त्यात नवे लायनर-पिस्टन घातले, तर पहिल्याच उन्हाळ्यात मागचा पिस्टन धरतो आणि दोष पिस्टनच्या कंपनीला जातो.

"कूलंट थंडीच्या देशात लागतं, आपल्याला काय?" हेही इथे हमखास ऐकू येतं. गोठू नये हा कूलंटचा एक उपयोग झाला. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना ते पाण्यापेक्षा उशिरा उकळतं, हा दुसरा. तिसरा उपयोग ओल्या लायनरसाठी, म्हणजे ज्याच्या बाहेरून थेट पाणी फिरतं त्यासाठी, सर्वांत मोलाचा. प्रत्येक स्फोटाला लायनर कंप पावतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूचे कण उडवत जातात. साध्या पाण्यावर चालवलेला लायनर काढला की एका बाजूला सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसतात. खड्डा आरपार गेला की पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर चहासारखा रंग येतो. कूलंटमधली द्रव्यं हे रोखतात. मात्र कूलंटही बोअरवेलच्या पाण्यात कालवलं तर उपयोग नाही. तयार मिश्रण घ्या, नाहीतर डिस्टिल्ड वॉटर वापरा.

नवा लायनर ब्लॉकच्या पृष्ठापासून किंचित वर राहायला हवा. किती, ते प्रत्येक मॉडेलचं ठरलेलं असतं. गोष्ट मिलिमीटरच्या शतांशांची आहे. चारातला एक खाली बसला की गॅस्केट त्याच जागी उडते. हे बोटाने चाचपून कळत नाही, डायल गेज लागतो.

डिझेलचा पंप वाढवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. डिझेल जास्त सोडलं की ओढ वाढते हे खरं, पण हवा तेवढीच राहते. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. वाढलेली उष्णता ब्लॉक सोसतो. पिस्टनचा माथा, रिंग आणि गॅस्केट सोसत नाहीत. नव्या कामावर हा प्रयोग करूच नका.

नवं इंजिन दिवसभर रिकामं चालू ठेवण्याची प्रथाही अशीच. रिंगांना बोअरवर बसायला दाब लागतो, आणि तो कामावरच मिळतो. रिकामं चालवत ठेवलं की होनिंगच्या बारीक तिरक्या रेषा गुळगुळीत होतात आणि इंजिन कायमचं ऑइल खायला लागतं. मध्यम भार द्या, फार ताणू नका आणि पहिल्या पन्नास तासांच्या सुमारास ऑइल-फिल्टर बदला.

मूळ ब्लॉक राखण्याचं खरं व्यवहारी कारण मात्र वेगळंच आहे: इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. हेड बदललं तर आरसी बुकाला कळत नाही. ब्लॉक बदलला की बिदरचं केए-38 असो वा कलबुर्गीचं केए-32, आरटीओची परवानगी घेऊन नोंद बदलावी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यासाठीच आहे, आणि कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये पुन्हा बजावलं आहे. नोंद न जुळणारा ट्रॅक्टर विकताना आणि विम्याचा दावा करताना अडतो.

तेव्हा पुढच्या वेळी इंजिन काम काढाल तेव्हा मिस्त्रीला ब्लॉक कुणाचा हे विचारू नका. क्रँकची साइज, पिस्टनची उंची आणि चारही लायनरची ब्लॉकवरची मापं बिलाच्या मागे लिहून मागा. जो लिहून देईल, त्याच्याकडेच काम द्या.