तिरंग्याची सुरगाठ

१४ ऑगस्टची संध्याकाळ. शाळा सुटलेली, पटांगणावर फक्की मारून झालेली, आणि ध्वजस्तंभापाशी शिपाईमामा एकटेच. शेजारी ताटलीत झेंडूच्या पाकळ्या. मामा झेंडा हातावर उलगडतात, केशरी पट्टा वरच्या बाजूला आहे ना हे एकदा बघतात, मग पुन्हा एकदा बघतात. पाकळ्या आत ठेवून घडी घालतात आणि वरून दोरीची सुरगाठ मारतात. या गाठीवर उद्याचा सगळा सोहळा अवलंबून. सैल राहिली तर रात्रीच्या वाऱ्यानेच सुटणार, घट्ट बसली तर सकाळी गावासमोर शोभा.

आमच्या शाळेत एका वर्षी ती घट्ट बसली होती. पाहुण्यांनी दोरीला एक हिसका दिला, दुसरा दिला, तिसरा दिला. आम्ही ‘सावधान’मध्ये, बँडवाला मुलगा ढोलावर काठी उगारून थांबलेला. शेवटी मामा पुढे आले, दोरी आधी थोडी सैल सोडली आणि मग हलकेच ओढली. पाकळ्या पाहुण्यांच्या टोपीवर पडल्या. तेव्हा आम्हाला हसू आवरलं नव्हतं. पुढे भारतीय ध्वज संहिता वाचताना मला त्या मामांचे हात आठवत राहिले. ही संहिता वरवर हुकमांची यादी वाटते, पण तिच्यातलं निम्म्याहून अधिक शिकवणं हातांसाठी आहे: कापड कसं धरावं, कसं चढवावं, कसं उतरवावं, कसं ठेवावं आणि जीर्ण झाल्यावर त्याचं काय करावं.

हातांची ही काळजी झेंडा शाळेत पोचण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तिरंगा स्वीकारला. १९५१ साली त्याचं मानक ठरलं. देशात खिळ्यापासून सिमेंटपर्यंत हजारो वस्तूंची मानकं आहेत, त्यांत पहिला क्रमांक, ‘आयएस १’, राष्ट्रध्वजाचा. आकार नऊ. सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, म्हणजे साधारण एकवीस फूट बाय चौदा फूट. सगळ्यात लहान १५० बाय १००, टेबलावर ठेवायचा. मोटारीवर लागतो तो २२५ बाय १५०, अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या विमानावरचा ४५० बाय ३००. लांबी-उंचीचं प्रमाण सगळीकडे तीनास दोन.

चक्राचा हिशेब तर शिंप्याची परीक्षा बघणारा. ९०० बाय ६०० च्या झेंड्यात पांढरा पट्टा २०० मिलिमीटरचा आणि चक्राचा व्यास १८५. म्हणजे चक्राच्या वर साडेसात मिलिमीटर, खाली साडेसात. शिलाई जरा सरकली की डोळ्याला खटकणार. त्यात चक्र दोन्ही बाजूंनी पुरतं दिसायला हवं. चोवीस आऱ्यांची एक छपाई दुसरीवर तंतोतंत बसली नाही, तर उन्हात धरल्यावर एका चक्रामागून दुसरं डोकावतं.

असे झेंडे तयार करणाऱ्या खादी संस्था देशात मोजक्या. कर्नाटकात हुबळीजवळच्या बेंगेरीची कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ ही १९५७ साली स्थापन झालेली संस्था सर्वांत नावाजलेली. आणि आपल्याकडे नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती. तिच्या झेंड्यासाठी लागणारी खादी उदगीरच्या बाजूला विणली जाते आणि झेंडे नांदेडला तयार होतात.

झेंडा नांदेडला तयार व्हावा, याला इतिहासाची किनार आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत तिरंगा चढला तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्यात तिरंगा लावणं म्हणजे तुरुंगाची वाट धरणं. त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबादेत तिरंगा फडकवला आणि त्यांना अटक झाली. मराठवाड्यावर तो मोकळेपणी चढला १७ सप्टेंबर १९४८ नंतर. म्हणून इथल्या शाळेतल्या पोरांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टबरोबर मुक्तिसंग्राम दिनाचं चौथं झेंडावंदनही असतं. ज्या मुलखात हे कापड लपवून न्यावं लागे, तिथूनच आता ते गठ्ठे बांधून बाहेर जातं.

आता संहितेकडे. ती २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. तिच्यातलं एक वाक्य मला संगीताच्या सूचनेसारखं वाटतं: झेंडा चढवताना झपाझप चढवावा, उतरवताना सावकाश, इतमामाने उतरवावा. द्रुत आणि विलंबित, दोन्ही लयी एकाच दोरीवर. दुखवट्यात तर ही लय आणखी बारीक होते. झेंडा थेट अर्ध्यावर नेऊन थांबवायचा नसतो. तो आधी टोकापर्यंत चढवायचा, मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा एकदा टोकाला नेऊन मगच खाली घ्यायचा. ६ फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकर गेल्या आणि दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला, तेव्हा देशभरचे झेंडे असेच आधी वर जाऊन मग अर्ध्यावर आले.

बाकीचे नियम घरातल्या जाणत्या माणसाने सांगावेत असे. फाटलेला, चुरगळलेला झेंडा लावू नये. जमिनीला टेकू देऊ नये, पाण्यात लोळू देऊ नये. त्यावर अक्षर लिहू नये. टेबलावर अंथरू नये, व्यासपीठाला झालर म्हणून लावू नये. त्यात काही गुंडाळून नेऊ नये; अपवाद एकच, फडकवण्याआधी आत ठेवलेल्या फुलांच्या पाकळ्या. मामांच्या ताटलीला संहितेतच जागा आहे! भिंतीवर उभा लावायचा असेल तर केशरी पट्टा झेंड्याच्या उजव्या अंगाला, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला. गल्लीत दर वर्षी चुकते ती हीच गोष्ट.

सातारा-कोल्हापूरकडच्या सैनिकांच्या गावांना आणखी एक नियम वेगळा सांगावा लागत नाही. जवानाच्या शवपेटीवर झेंडा पांघरताना केशरी भाग डोक्याच्या बाजूला असतो. पण तो चितेवर जात नाही, मातीत उतरत नाही. अखेरच्या क्षणी काढून त्याची घडी केली जाते आणि ती घरच्यांच्या हाती दिली जाते.

हा झेंडा सामान्य माणसाच्या हाती पोचायला मात्र स्वातंत्र्यानंतरही अर्धं शतक लागलं. २००२ पूर्वी खाजगी माणसाने राष्ट्रीय सण वगळता एरवी तो लावू नये असाच दंडक होता. उद्योगपती नवीन जिंदाल यांनी आपल्या रायगढच्या, त्या वेळच्या मध्य प्रदेशातल्या, कारखान्यावर तिरंगा लावला आणि अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. २३ जानेवारी २००४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की मानाने झेंडा फडकवणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. मात्र हा अधिकार अमर्याद नाही, झेंड्याचा मान राखण्याचं बंधन त्याला जोडलेलंच आहे.

मग दारं उघडत गेली. २००५ च्या दुरुस्तीने पोशाखावर तिरंगा चालू लागला, मात्र कमरेच्या वर. जुलै २०२२ पासून नागरिकाला तो आपल्या घरी रात्रंदिवस फडकवता येऊ लागला. त्याआधी, ३० डिसेंबर २०२१ ला, आणखी एक बदल झाला होता. तोवर झेंडा हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या कापडाचाच हवा होता. आता यंत्रावरचं कापड आणि पॉलिएस्टरही चाललं. ‘हर घर तिरंगा’ला लागणारे कोट्यवधी झेंडे चरख्यावरून कधीच निघाले नसते, हे खरं. पण हुबळीच्या खादी संस्थेने या बदलाला उघड विरोध केला, त्यामागचं दुखणंही खरं. ज्या कापडासाठी तिथल्या बायकांनी वर्षानुवर्षं सूत कातलं, त्याच्या शेजारी दुकानात कितीतरी स्वस्त, चकचकीत झेंडा येऊन बसला.

मला पॉलिएस्टरची चीड नाही. चाळीतल्या एखाद्या घराने खिडकीला झेंडा बांधला आणि तो परवडणारा असला तर बरंच आहे. अडचण १६ ऑगस्टला सुरू होते. स्वस्त वस्तू आपण स्वस्तातच टाकतो. सिग्नलला घेतलेला छोटा झेंडा दुसऱ्या दिवशी दुभाजकाच्या कडेला पडलेला दिसतो. सण-समारंभात कागदी झेंड्याला संहिता परवानगी देते, पण नंतर तो जमिनीवर टाकू नका असंही तिथेच सांगते. गावोगावी काही तरुण त्या दिवशी पोतं घेऊन पडलेले झेंडे वेचत फिरतात. त्यांना कोणी पाहुणे म्हणून बोलावत नाही.

वेचलेल्या किंवा जुन्या झेंड्याचं काय करायचं? राष्ट्र प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ नुसार झेंडा लोकांसमोर जाळणं, फाडणं, विटंबणं हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा. आणि संहिता म्हणते की जीर्ण झेंडा एकांतात, संपूर्ण, शक्यतो जाळूनच नष्ट करावा. आग तीच, एकीकडे चव्हाट्यावरचा अपमान, दुसरीकडे निरोप. ज्यांच्या घरी जीर्ण पोथी रद्दीत न घालता नदीत सोडली गेली आहे, त्यांना यात विसंगती दिसणार नाही.

घडीही पोथी बासनात बांधावी तशीच. झेंडा आडवा धरायचा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा. मग दोन्ही टोकं आत घेत पांढरा पट्टा असा दुमडायचा की वर चक्र आणि केशरी-हिरव्याची थोडी किनार तेवढी दिसावी. नंतर तो तळहातांवर किंवा दोन्ही बाहूंवर न्यायचा. बगलेत मारायचा नाही.

आमच्या मामांनी संहिता वाचली असण्याची शक्यता नाही. ती निघाली तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण त्या १५ ऑगस्टच्या संध्याकाळी, चेंडू आणायला म्हणून परत शाळेत गेलो तेव्हा, मी त्यांना झेंडा उतरवताना पाहिलं. पटांगणात ना पाहुणे होते, ना बँड. मामांनी चपला स्तंभाच्या कट्ट्याखाली काढून ठेवल्या होत्या. दोरी एका हातातून दुसऱ्या हातात इतकी हळू सोडत होते की वरची कप्पीसुद्धा कुरकुरली नाही.